घास अडतो तेव्हा



या व्याख्यानमालेचे चिटणीस आमच्या घरी आले, तेव्हा आम्ही यंत्रमाग कामगारांच्या प्रश्नांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. तो विषय आमच्या जिभेवर बसलेला आहे. झोपेतून उठवले तरी आम्ही त्यावर तासभर बोलू, आणि श्रोत्यांनाही तो झोपेत ऐकण्याची सवय झालेली आहे. म्हणून आम्ही म्हटले, यंदा विषय आमचा आम्ही निवडतो. "कोणता?" "अन्ननलिकेचा कर्करोग." चिटणीस क्षणभर चहाच्या कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अण्णा, लोक वैशाखात गार वाऱ्याला म्हणून व्याख्यानाला येतात. त्यांना घाम फोडू नका म्हणजे झाले." तेवढी अट पाळण्याचा आम्ही प्रयत्न करू.

प्रथम दोन खुलासे. आमचा आवाज आपणाला फाटका वाटत असेल. त्यात ध्वनिक्षेपकवाल्याचा काही दोष नाही. त्याची हकीकत पुढे येईलच. दुसरे असे की, आम्ही स्वतःचा उल्लेख 'आम्ही' असा करतो. चळवळीत तीस-पस्तीस वर्षे घालवलेल्या माणसाच्या तोंडून 'मी' निघणे अवघड जाते, हे एक कारण. परंतु या आजारापुरते दुसरे कारण अधिक खरे आहे. नळी आमच्या पोटात होती, पण ती धुण्याचे काम आमच्या सौभाग्यवतींनी केले. घास आम्ही गिळला, पण तो वाटून, गाळून, कोमट करून दुसऱ्या कोणी दिला होता. अशा आजाराची गोष्ट एकट्याच्या नावावर सांगणे म्हणजे सगळ्या खात्याने विणलेले कापड एकट्याच्या हजेरीवर चढवणे होय.

आम्ही वैद्य नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आमचे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. संप लांबला, बिऱ्हाड मोडले, आणि आम्ही इचलकरंजीला मामांच्या आश्रयाला आलो. त्यानंतर माग, युनियन आणि वाचनालय या तीन ठिकाणी जे पदरात पडले तेच आमचे शिक्षण. तेव्हा पुढे जे सांगणार आहोत ते काही भोगलेले, काही वाचलेले आणि काही डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलेले आहे. कोणी ते औषधाच्या चिठ्ठीसारखे वापरू नये.

२०२२ सालच्या शिमग्याच्या सुमाराची गोष्ट. जेवताना भाकरीचा घास छातीच्या मधोमध थांबला. दुखले नाही, ठसका लागला नाही. नुसता थांबला, आणि पाण्याचा घोट घेतल्यावर पुढे गेला. आठवड्याने पुन्हा तसेच झाले. यावर आम्ही काय केले? भाकरी आमटीत कुस्करली. चैत्रात भाकरी सोडून चपाती धरली, वैशाखात चपाती सोडून भात धरला, आणि ज्येष्ठात भातही मऊ करायला सांगितला. एका लग्नात आम्ही "नुसता रस्सा वाढा, फोडी नकोत" असे म्हणालो. कोल्हापूरकडच्या माणसाने मटणाची फोड नाकारावी आणि पंगतीत कोणालाही संशय येऊ नये, याचे आम्हाला अजून नवल वाटते.

त्या दिवसांत मजुरीवाढीची बोलणी चालू होती. ही बैठक होऊ दे, मग बघू. करार होऊ दे, मग बघू. मध्ये एकदा एका डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. त्यांना आम्ही "छातीत जळजळते" एवढेच सांगितले होते. घास अडतो हे सांगितलेच नव्हते. मालकापुढे हिशेब मांडताना पै-पैचा पुरावा नेणारे आम्ही, डॉक्टरांपुढे मात्र निम्मी वही झाकून बसलो. कारण उघड आहे. प्रश्न पुरा विचारला तर उत्तर पुरे मिळेल, ही भीती.

शेवटी आम्हाला पकडले ते आमच्या कमरेच्या पट्ट्याने. त्याला चांभाराकडून नवे भोक पाडून आणले होते. सौभाग्यवतींनी ते पाहिले आणि विचारले, "अहो, सोमवारी श्रावणाचा उपास म्हणून खात नाही. मंगळवारी काय म्हणून खात नाही?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. चौथ्या दिवशी दुर्बिणीची तपासणी झाली. घशाला बधिर करणारे औषध मारून एक बारीक लवचीक नळी आत घालतात. सगळा कारभार पंधरा-वीस मिनिटांचा. त्या पंधरा मिनिटांसाठी आम्ही पाच महिने घालवले होते. तुकडा तपासायला गेला आणि आठवड्याने कागद आला.

आता ही अन्ननलिका म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. घशापासून जठरापर्यंत जाणारी, सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे एका वितीहून थोडी मोठी अशी ही स्नायूंची नळी आहे. तिच्या पुढे श्वासनलिका आणि हृदय, मागे पाठीचा कणा, शेजारून शरीराची सर्वांत मोठी रक्तवाहिनी. अशा दाटीत ती राहते. ती ताणून रुंद होऊ शकते, आणि हाच तिचा घात आहे. आत गाठ वाढू लागली तरी ती पुष्कळ दिवस सांभाळून घेते. घास अडू लागतो तेव्हा वाट बरीच अरुंद झालेली असते. आधी भाकरी आणि मांस अडते, मग भात, मग पेज, आणि शेवटी पाणी. आम्ही जेवणात बदल करीत गेलो तो नेमका याच क्रमाने. आम्हाला वाटे, आपण युक्ती करतो आहोत; वास्तविक रोग एक एक पायरी वर येत होता आणि आम्ही त्याला वाट करून देत होतो.

हा रोग का होतो? आपल्याकडे त्याची मोठी कारणे तंबाखू आणि दारू ही आहेत. तंबाखू ओढा, चघळा, दाढेखाली धरा, फरक नाही. दोन्ही व्यसने एकत्र आली तर धोका नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून अधिक वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली असेही म्हटले की, ६५ अंशांहून अधिक गरम पेय पिण्याची सवय बहुधा या रोगाला कारण होते. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला होणारा एक वेगळा प्रकार आहे. त्याचा संबंध वर्षानुवर्षे वर येणाऱ्या आम्लाशी आणि लठ्ठपणाशी लावतात. आणि यातले काहीही नसताना ज्यांना हा रोग झाला, अशीही माणसे आम्ही वॉर्डात पाहिली. म्हणून आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांनी "तुम्ही काय खात होता हो?" ही चौकशी दारातच ठेवून आत जावे.

आमच्या बाबतीत चौकशीची गरजच नव्हती. मागाच्या खात्यात विडी पेटवता येत नाही. सूत पेट घेईल. खडखडाटात बोलता येत नाही. पाळी बारा तासांची, आणि रात्रीच्या तीन वाजता डोळा लागला तर धागा तुटतो, मजुरी कापली जाते. अशा वेळी तळहातावर मळलेली चिमूट दाढेखाली गेली की माणूस तासभर जागा राहतो. तंबाखू मालकाने दिली असे आम्ही म्हणणार नाही; पण बारा तासांची पाळी त्याने दिली. आणि आम्ही काय दिले? चुन्याची डबी ही आमची सभासद नोंदणीची पहिली पावती होती. नव्या कामगाराशी ओळख काढायची तर "जरा चुना बघू" म्हणून सुरुवात. तीस वर्षे आम्ही बोनसवर बोललो, हजेरीवर बोललो, तंबाखूवर एक शब्द बोललो नाही. बोलणार कसे, भाषणापूर्वी आम्हीच ती मळत होतो. वर टपरीवरचा उकळता चहा एका दमात पिण्याची आमची ख्याती. ती ख्याती आता संपली.

उपचारासाठी मुंबईला जावे लागले, आणि तेही परळला. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची, सकाळी दादरला उतरायचे. वडिलांची गिरणी होती तिथे आता काचेचा उंच मनोरा आहे. पण गिरण्यांच्या ऐन भरात, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, त्याच परळमध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय अजून उभे आहे. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यातून त्याचा उगम झाला. ज्या रस्त्यावर ते आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे. हे गोव्याकडच्या घराण्यातले शल्यविशारद तिथेच आयुष्य वेचून १९६९ साली गेले. दादरला संत गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे. तिथे बाहेरगावचे कर्करोगी आणि त्यांचे नातेवाईक राहतात. आम्ही त्या भागात दोन-अडीच महिने होतो. आसाम, बिहार, बंगाल, जळगाव, लातूर, सगळीकडची माणसे. एकमेकांची भाषा न कळता एकमेकांच्या रांगा धरणारी. आमच्या युनियनमध्ये इतके ऐक्य कधी झाले नव्हते, हे कबूल करतो.

आमच्या उपचाराची पद्धत अशी होती. आठवड्याला एकदा केमोची दोन औषधे शिरेतून, असे पाच आठवडे. आणि त्याच पाच आठवड्यांत सुटीचे दिवस सोडून रोज किरणोपचार, एकूण २३ बैठका. मग दीड-दोन महिने विश्रांती, आणि मग शस्त्रक्रिया. ही पद्धत नेदरलँड्समधील डॉक्टरांनी तपासून पाहिली आणि तिचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. नुसती शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी निम्मे रुग्ण २४ महिन्यांपलीकडे जगले. आधी केमो आणि किरण घेतलेल्यांत तोच आकडा ४९ महिन्यांवर गेला. हा आकडा आम्ही डॉक्टरांकडून मागून घेतला. पुष्कळांना आकडे नको असतात आणि तो त्यांचा हक्क आहे. आम्हाला मात्र कराराचा मसुदा न वाचता सही करण्याची सवय नाही. त्या आकड्यांचा अर्थही डॉक्टरांनी नीट सांगितला: ही अनेकांची गोष्ट आहे, तुमचे काय होईल हे यात लिहिलेले नाही.

किरण घेताना काही कळत नाही. टेबलावर निजायचे, यंत्र फिरते, उठायचे. पण तिसऱ्या आठवड्यात गिळताना असे वाटू लागले की काचेचे कण खाली जात आहेत. थुंकीसुद्धा गिळवेना. तेव्हा नाकातून जठरापर्यंत एक बारीक नळी घातली आणि तिच्यातून अन्न सुरू झाले. आम्हाला ती नळी अपमानास्पद वाटली. धर्मशाळेतील एक बिहारी गृहस्थ, त्यांच्याही नाकात तशीच नळी, आम्हाला म्हणाले, "भाईसाब, अभी तो यही अपना मुँह है." त्यानंतर आम्ही कुरकूर सोडली.

शस्त्रक्रियेपूर्वीचे दिवस वाट पाहण्यात घालवू नयेत, ही गोष्ट आम्हाला तिथल्या व्यायामतज्ज्ञ मुलीने शिकवली. वयाने आमच्या लेकीएवढी. तिने एक तीन गोळ्यांचे प्लास्टिकचे यंत्र हाती दिले. श्वास आत ओढून ते गोळे वर उचलायचे, तासातासाला दहा वेळा. शिवाय रोज चालणे आणि जिने चढणे. तंबाखू तर निदानाच्या दिवशीच सुटली होती. तिला सोडताना जे हाल झाले ते वेगळे व्याख्यान होईल. कारण असे की या शस्त्रक्रियेत छाती उघडतात किंवा छातीत दुर्बिणी घालतात, एका फुफ्फुसाची हवा काढून ठेवतात, आणि पुढे रुग्णाचा मोठा वैरी न्यूमोनिया ठरतो. ज्याचे फुफ्फुस तयार, त्याचे निम्मे काम झाले.

या शस्त्रक्रियेचा इतिहास आम्ही खाटेवर पडून वाचला. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक नावाच्या शल्यविशारदाने ६७ वर्षांच्या एका बाईची छातीतील अन्ननलिका काढून टाकली. पण घसा आणि जठर जोडायचे कसे? ते जमले नाही. म्हणून मानेला एक भोक, पोटाला एक भोक, आणि दोहोंच्या मध्ये अंगाबाहेरून जाणारी रबरी नळी. ती बाई त्या नळीतून जेवत १३ वर्षे जगली. १३ वर्षे! आमच्या वॉर्डात कोणी फार खचला की आम्ही त्याला या बाईची गोष्ट सांगत असू. पुढे १९४६ साली आयव्हर लुईस या वेल्समधील शल्यविशारदाने उजव्या छातीतून जाऊन, जठरच वर ओढून जोडण्याची रीत दाखवली. आज बहुतेक ठिकाणी जठराची लांबट नळी करून ती छातीतून वर नेतात आणि उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. आमचा सांधा मानेत आहे. म्हणजे आमचे जठर आता पोटात नाही. ते छातीत, हृदयाच्या शेजारी बसलेले आहे. 'पोटात एक आणि ओठात एक' हा आरोप आमच्यावर यापुढे करता येणार नाही. अंतरच फार कमी उरले आहे.

शस्त्रक्रिया आठ तास चालली. दुसऱ्या दिवशी खाटेवरून उठवून चालवले. छातीला उशी दाबून धरायची आणि खोकायचे. दुखते म्हणून खोकणे टाळले की कफ साचतो. सहाव्या दिवशी मानेच्या जखमेतून लाळ झिरपू लागली. सांधा थोडा उसवला होता. विणकराला उसवलेल्या सांध्याची भीती किती असते, हे आपल्या गावाला सांगायला नको. परंतु मानेतला सांधा बहुधा आपोआप भरतो; तोंडाने काही न देता थांबायचे. आम्ही सतरा दिवस थांबलो. तोवर आतड्यात घातलेल्या नळीतून, सलाईनसारखे थेंब थेंब, अन्न जात होते. आवाज तेव्हाच गेला. स्वरयंत्राची नस अन्ननलिकेला अगदी चिकटून जाते, ती दुखावते. कधी परत येते, कधी अर्धी येते. आमची अर्धी आली. गेटसभेत ध्वनिक्षेपकाशिवाय चार हजार माणसांना ऐकू जाणारा माणूस सहा महिने घरात पाणी मागायला टाळी वाजवत होता. त्या सहा महिन्यांत आम्ही जेवढे ऐकले तेवढे त्यापूर्वीच्या तीस वर्षांत ऐकले नसेल.

आता घरी आल्यानंतरचे. खरे सांगायचे तर याच भागासाठी आम्ही हा विषय घेतला. इस्पितळात सगळे शिस्तीने चालते. हाल सुरू होतात ते घराच्या उंबऱ्याशी.

पहिली गोष्ट म्हणजे भूक लागत नाही. भुकेचा निरोप नेणारी नसच शस्त्रक्रियेत कापली जाते. ६८ किलोचे आम्ही ५१ वर आलो होतो, आणि समोर ताट पाहून मळमळे. सौभाग्यवतींनी यावर तोडगा काढला: भूक लागली म्हणून खायचे नाही, भोंगा झाला म्हणून खायचे. मोबाईलमध्ये आठ वेळा लावल्या. नाचणीची पेज, मुगाचे घट्ट वरण आणि भात, उकडलेले अंडे, दही, शेंगदाण्याचे कूट घातलेली मऊ भाजी. प्रत्येक वेळी एक वाटी, त्याहून अधिक नाही, वीस मिनिटे चावून. पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासाने. आठ तासांच्या दिवसासाठी जगभरच्या कामगारांनी रक्त सांडले. आमच्या नशिबी आठ जेवणांचा दिवस आला, आणि त्याची मुकादम आमच्याच घरात!

मुकादमाची नजर चुकवली तर काय होते, तेही सांगतो. चौथ्या महिन्यात एका कामगाराच्या मुलाचे लग्न होते. जिलेबीचे ताट आले. तीन खाल्ल्या, वर मठ्ठा प्यालो. वीस मिनिटांत छाती धडधडू लागली, अंगाला घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. लोकांना वाटले, हृदयाचा झटका. मांडवात धावपळ. तो झटका नव्हता. जठराचे दार काम करीनासे झाले की गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरतो आणि शरीर असा गोंधळ घालते. कधी कधी दीड-दोन तासांनी रक्तातली साखर उतरून हात कापतात, तो त्याचाच दुसरा अंक. डॉक्टरांनी हे आधी सांगितले होते. आमच्या सौभाग्यवतींनीही सांगितले होते. जिलेबीने सांगितल्यावर पटले.

दुसरी गोष्ट निजण्याची. आडवे पडले की पोटातले घशाशी येते. रात्री ते श्वासनलिकेत गेले तर फुफ्फुसाला धोका. उशा रचून पाहिल्या, त्या घसरतात. शेवटी एका मेस्त्रीने खात्यातले दोन लाकडी ठोकळे आणून पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली घातले. तो उतार आजही कायम आहे. संध्याकाळचे जेवण साडेसातला, त्यानंतर तीन तास आडवे व्हायचे नाही. नळीचेही असेच. दर वेळी अन्नाच्या आधी आणि नंतर कोमट पाणी सोडले नाही तर ती तुंबते, आणि तुंबली की रात्री अकराला रिक्षा शोधावी लागते. सहाव्या महिन्यात घास पुन्हा अडू लागला. आमच्या पायांतले बळ गेले. तपासणीत निघाले की सांध्याचा व्रण आवळला होता. फुगा घालून तो रुंद केला. असे तीन वेळा करावे लागले. प्रत्येक अडलेला घास कर्करोगाचाच असतो असे नाही, हे आम्हाला असे दुसऱ्या बाजूनेही कळले.

लोक म्हणतात, "अण्णा, तुम्ही लढलात!" माफ करा, लढा म्हणजे काय हे आम्हाला थोडेफार ठाऊक आहे. लढ्यात समोर कोणीतरी असतो. त्याच्याशी बोलणी होतात, तो दमतो, तडजोड करतो. इथे समोर कोणी नव्हते. आणि दुसरे, लढून जो वाचला तो शूर, तर जे गेले ते काय भित्रे होते? धर्मशाळेतील ते बिहारी गृहस्थ आमच्यापेक्षा दसपट धीराचे होते. ते परत गेले ते पांघरुणाखाली. आम्ही वाचलो याचे कारण हिंमत नव्हे. गाठ दूरवर पसरलेली नव्हती, शस्त्रक्रिया जमली, आणि कोणीतरी आठ वेळा वाटी समोर धरली. शस्त्रक्रियेला तीन वर्षे होऊन गेली तरी तपासणीच्या आदल्या रात्री आम्हाला झोप लागत नाही. तिथे हिंमत कुठे जाते कोणास ठाऊक.

पैशाचे थोडक्यात सांगतो. शस्त्रक्रिया आणि औषधांचा पुष्कळ भार महात्मा फुले जन आरोग्य योजनेने उचलला. त्यासाठी रेशन कार्ड आणि आधार पहिल्याच दिवशी बरोबर हवे. कर्करोग्याला रेल्वे भाड्यात सवलत आहे. डॉक्टरांच्या सहीचा विहित नमुना लागतो. पण बुडालेली मजुरी कोणती योजना देते? कामगार राज्य विमा योजनेत ती सोय आहे. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, अटी पुऱ्या होत असतील तर, मजुरीच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. मात्र त्यासाठी कामगाराचे नाव विम्यात हवे, आणि दहा कामगारांची अट पुरी होऊ नये म्हणून एका छपराखाली तीन नावांच्या तीन पाट्या लावण्याची कला आपल्या धंद्यात जुनी आहे. असो. इथे आमचा जुना विषय डोके वर काढतो आहे. चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत.

एकच हकीकत राहिली. ती सांगायची नव्हती, पण ती टाळली तर बाकीचे सगळे बोलणे खोटे पडेल.

एका चैत्रात युनियनने आमचा सत्कार केला. हार, नारळ, शाल. फाटक्या आवाजात आम्ही चाळीस मिनिटे बोललो. सभा उठल्यावर एक जॉबर मागे रेंगाळला. वीस वर्षांचा सभासद, संपात आमच्या शेजारी बसलेला. गर्दी पांगल्यावर जवळ आला आणि हळूच म्हणाला, "आण्णा, तुमास्नी पयलांदा काय झालं हुतं?" आम्ही सत्काराच्या कैफात होतो. त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "अरे, हिंमत ठेवली की सगळं होतं!" त्याने मान हलवली आणि तो गेला.

दिवाळीत त्याला रिक्षात घालून आणले. पाणी उतरत नव्हते. रोग यकृतापर्यंत गेला होता. अन्ननलिकेत धातूच्या जाळीची नळी बसवली, त्यामुळे शेवटचे चार महिने चहा आणि पातळ भात तरी त्याला घेता आला. माघात तो गेला. दिवस झाल्यावर त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याच्या बायकोने सांगितले की सत्काराच्या आधी दोन महिने तो भाकरी दुधात भिजवून खात होता. तिला म्हणाला होता, "आण्णास्नी इचारून बघतो." म्हणजे त्या संध्याकाळी त्याने आमची विचारपूस केली नव्हती. अर्ज दिला होता, आणि तो आम्ही न वाचता खिशात घातला.

त्याचे उत्तर आमच्याकडे राहिले आहे, ते इथे देतो. पहिल्यांदा भाकरीचा घास छातीत थांबला. दुखले नाही. पाण्याने पुढे गेला. आठवड्याने पुन्हा थांबला. मग आम्ही कुस्करून खाऊ लागलो. वजन उतरले. दोन आठवडे असे झाले तर डॉक्टरांना 'जळजळते' असे सांगायचे नाही, 'घास अडतो' असे सांगायचे, आणि दुर्बिणीची तपासणी मागून घ्यायची. आवाज बसला असेल, पाणी पिताना ठसका लागत असेल, तर तेही सांगायचे. घरात कोणी गुपचूप आमटीत भाकरी कुस्करत असेल, मटणाची फोड नको म्हणत असेल, पट्ट्याला नवे भोक पाडून आणत असेल, तर त्याला विचारायचे. तो 'काही नाही' म्हणेल. आम्हीही पाच महिने तेच म्हणत होतो.

साडेसात वाजले. पहिल्या रांगेत आमच्या सौभाग्यवती बसल्या आहेत. त्यांच्या मांडीवरचा डबा आपणापैकी पुष्कळांच्या लक्षात आला असेल. त्यात मुगाची खिचडी आहे, आणि त्यांनी आत्ताच झाकण उघडले. अध्यक्षमहाराजांची परवानगी असेल तर आम्ही इथे थांबतो. प्रश्न कोणाला विचारायचे असतील त्यांनी खुशाल विचारावेत, वीस मिनिटांनंतर. सर्वांपुढे विचारायचा नसेल त्याने मागच्या दाराशी थांबावे. आम्ही तिथे येऊ.